पाणी बदललं काय?

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमदासांनी मला खुंटीवरून काढलं, रात्रीचं उरलेलं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं आणि नळाजवळ उकिडवं बसून मला पुन्हा काठोकाठ भरलं. बूच लावलं. पोटावरून ओला हात फिरवला. रोज करत तसंच. त्या दिवसात वेगळं असं काहीच नव्हतं, म्हणूनच तो मला इतका नीट आठवतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. मी छागल आहे. जाड सुती कापडाची, पाणी भरून न्यायची पिशवी. वरच्या कोपऱ्यात तोटी, तोटीला लाकडी बूच आणि टांगायला दोरी. मी आता जुनी झाले आहे. माझा मूळचा खाकी रंग किती आणि अंगात मुरलेली धूळ किती, हे मलाही सांगता येणार नाही. तरी अजून मला भरून वाऱ्यावर टांगलं, तर वैशाखातल्या दुपारीसुद्धा मी घोटभर गारवा देते.

हा गारवा कुठून येतो ते आधी सांगते. पुढच्या गोष्टीला ते लागेल. नवी छागल पहिल्यांदा भरली की गळते. विकत घेणाऱ्याला वाटतं, आपण फसलो. पण हळूहळू कापडाचे धागे पाण्यानं फुगतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि गळणं थांबतं. अंग मात्र ओलसर राहतं. आतलं थोडं थोडं पाणी बाहेर येतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. त्याला झिरपणं म्हणतात. गळणं वेगळं, झिरपणं वेगळं. हवं ते आत धरायचं आणि नको ते थोडं थोडं बाहेर सोडायचं, एवढी एकच विद्या मला येते.

तर त्या दिवशी घरात मेघा होती. मेघा म्हणजे प्रेमदासांची एकुलती एक लेक. वर्ध्याच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल आहे. पौर्णिमेसाठी तळेगावला आली होती आणि दुपारच्या एसटीनं परत निघाली होती. तिला सोडायला प्रेमदास निघाले. गुडघे दुखत होते, तरी मला त्यांनी खांद्याला अडकवलंच. वाटेत औषधाच्या दुकानाशी थांबून त्यांनी दुखण्याच्या गोळ्या घेतल्या आणि माझ्याच पाण्याबरोबर दोन गिळल्या.

"बाबा, ह्या गोळ्या रोज घेता काय?" मेघानं विचारलं.

"रोज नाई वं. गुडघा बोंबलला का घेतो. दोन टाकल्या का गाडी इस्टार्ट."

"डॉक्टरले इचारलं?"

"मेडिकलवाला काय कमी शिकला हाय?"

स्टँडवर लक्ष्मणराव बसले होते. प्रेमदासांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर. दोघंही निवृत्त झाले, पण दुपार झाली की स्टँडवर येऊन बसायची सवय काही निवृत्त झाली नाही.

"जयभीम ड्रायवर! आली काय जोडी? बायको घरी अन् छागल खांद्यावर."

"बायको खांद्यावर बसत नाई ना, बाप्पा."

"बसली असती तं तुमी चालले असते काय?"

मेघा हसली. तिनं आपली बाटली माझ्या पाण्यानं भरून घेतली. गाडी आली. प्रेमदासांनी खिडकीखालून नव्या ड्रायव्हरला सांगितलं, "सावकाश जाजो रे, आर्वीपर्यंत रस्ता खराब हाय." गाडी वळली, तसा त्यांनी हात वर केला; समोरून दुसरी एसटी आली की ड्रायव्हर करतात, तसा. मग लक्ष्मणरावांना म्हणाले, "धरा जरा हिले. पाणी बदलून येतो." आणि मला त्यांच्या मांडीवर देऊन ते स्टँडच्या मागं गेले.

या शब्दांबद्दल मला बोललं पाहिजे.

प्रेमदास नोकरीला लागले, त्याच महिन्यात त्यांनी मला आर्वीच्या एका शिंप्याकडून शिवून घेतलं. तंबूच्या कापडाची मी. ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर आरशाच्या दांडीला मला टांगलेलं असे. गाडी धावली की वारा लागे, वारा लागला की मी गार होई. तळेगाव, आर्वी, वर्धा, पुन्हा तळेगाव. त्या काळी गाडीचं इंजिन उन्हात तापे. मोठ्या थांब्यावर प्रेमदास उतरत, डबा घेऊन रेडिएटरमध्ये पाणी टाकत आणि मग झाडामागं जाऊन येत. गाडीत बायाबापड्या बसलेल्या. त्यांच्यासमोर लघवीला जातो असं म्हणणं प्रेमदासांच्या जिवावर येई. म्हणून ते लक्ष्मणरावांना सांगत, "पाणी बदलून येतो." इंजिनाचं आणि स्वतःचं, दोन्ही त्यात आलं.

तोच शब्द घरी गेला. कमलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तोच वापरू लागल्या. मेघा बोलायला शिकली ती तोच शब्द शिकली. एकदा शाळेत तिनं हात वर करून विचारलं, "बाई, पाणी बदलून येऊ?" बाईंनी तिची बाटली उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "चांगलं स्वच्छ आहे की. बस खाली." मेघा बिचारी बसली. पुढं जे व्हायचं ते झालं. घरी येऊन ती रडली, तेव्हा प्रेमदास हसता हसता खाली बसले. "माह्या शब्दानं पोरगी भिजली," म्हणाले. तरी घरातला शब्द काही बदलला नाही. माणसं हसतात आणि तो शब्द आणखी घट्ट होतो.

माझ्या कामाचे दिवस चांगले गेले. चढणीवर बंद पडलेल्या गाडीतल्या अख्ख्या वऱ्हाडाला मी एकदा घोटघोट पाणी पाजलं. पहिला घोट प्रेमदासांनी नवरीला दिला होता, ती सासरी निघाली होती आणि रडून तिचा घसा कोरडा पडला होता. प्रवासी मला "ड्रायवरची छागल" म्हणून ओळखत. आमच्या गाडीला मी आहे म्हणून दुसरी गाडी सोडून आमची धरणारी माणसं होती. मला त्याचा अभिमान वाटे. पण एक गोष्ट माझ्याखेरीज कोणाच्या ध्यानात येत नसे. सगळ्यांत कमी पाणी प्रेमदासच पीत. चूळ भरत, ओठ ओले करत, बस. कमलाबाई म्हणत, "लोकायले पाजता अन् तुमी काऊन नाई पेत?" ते म्हणत, "ड्रायवरनं पेलं का गाडी थांबवा लागते." नोकरी संपली तरी ही सवय संपली नाही.

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, थंड पाण्याचे जार आले. नव्या गाड्यांना मला टांगायला जागाच नव्हती. मी दाराआडच्या खिळ्यावर गेले. कोरडी छागल पुठ्ठ्यासारखी ताठ होते. माझ्यामागं पालीनं अंडी घातली, तरी कोणी पाहिलं नाही. मी धरून चालले होते की संपलं. पण निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात प्रेमदासांनी मला काढलं, घासलं आणि दिवसभर बादलीत भिजत ठेवलं. मी पुन्हा गळले. मग धागे फुगले. मला वाटतं, त्या संध्याकाळी आम्ही दोघंही परत कामावर रुजू झालो.

मेघाची गाडी गेली, त्याच्या दुसऱ्या सकाळी प्रेमदासांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. कशानं, ते कळलं नाही. ऊन होतं, पौर्णिमेचं बाहेरचं जेवण होतं, काहीही असेल. कमलाबाई पेला भरून आणत आणि ते तोंड फिरवत. "पेलं का निंगते. मंग पेऊन काय फायदा?" त्यांना ते अगदी बरोबर वाटत होतं. जी गाडी गळते, तिच्यात पाणी कशाला ओतायचं? अंग मोडून आलं, म्हणून दुखण्याच्या गोळ्या मात्र घेतल्या. आणि रक्तदाबाची गोळीही घेतली, कारण ती कधी चुकवायची नाही असं मेघानं त्यांना बजावलं होतं. ते लेकीचं ऐकणारे होते.

मी खुंटीवर भरलेली होते. त्यांच्या हातापासून जेमतेम दोन हात दूर. मित्रांनो, भरलेल्या छागलीला आपणहून ओतता येत नाही.

कमलाबाईंनी फोन केला. मेघा गाडी घेऊन आली आणि आम्ही वर्ध्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. आम्ही म्हणते, कारण प्रेमदासांनी मला सोडलं नाही. "बाटलीतलं पाणी मेल्यासारखं लागते," म्हणाले. वॉर्डातल्या त्यांच्या खाटेशेजारी खिडकी होती. तिच्या गजाला कमलाबाईंनी मला बांधलं.

सलाईन लागलं. जुलाब थांबले. प्रेमदासांच्या डोळ्यांत जरा तेज आलं, तशी कमलाबाईंनी शेजारच्या खाटेशी ओळख काढली. तिथं गुलाबराव होते, केळझरकडचे. शेतात घोणस चावली होती. विष उतरलं होतं, पण किडन्या बंद पडल्या होत्या, आणि एक दिवसाआड त्यांना डायलिसिसला नेत. त्यांच्या पत्नी शोभाबाई खणखणीत आवाजाच्या. त्यांचं बोलणं वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत जाई.

मंजुषा सिस्टरनी प्रेमदासांच्या खाटेखाली एक प्लास्टिकचं भांडं ठेवलं. "काका, लघवी यातच करायची. मापायची आहे." प्रेमदासांनी मान हलवली आणि भिंतीकडं पाहिलं. लेक समोर उभी होती. 

दुपारी सिस्टर घाईत होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर कोणाला तरी धाप लागली होती. जाता जाता त्या मेघाला म्हणाल्या, "ताई, काकांना विचारून ठेवा, लघवी झाली का ते."

मेघानं जाडजाड पुस्तकं वाचली आहेत. भरल्या सभागृहात उभी राहून ती बोलते. पण बापासमोर तो एक शब्द तिच्या ओठांवर येईना. तिनं घरचा शब्द काढला. खाटेवर वाकून, हलक्या आवाजात, तिनं विचारलं, "बाबा, पाणी बदललं काय?"

प्रेमदासांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं. मी ओली होते, तोटीशी थेंब जमला होता. सकाळीच कमलाबाईंनी मला रिकामी करून ताजं पाणी भरलं होतं.

"हो," ते म्हणाले. "बदललं. सकाळीच."

मेघानं सिस्टरना सांगितलं, "झाली." सिस्टरनी विचारलं, "भांड्यात?" मेघा म्हणाली, "बाथरूममध्ये गेले असतील." सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या वेळी भांड्यातच हं." संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. नुसतं "हो". त्यांना गुंगी येत होती.

पाणी माझं बदललं होतं. त्यांचं नाही. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा अहवाल घेऊन डॉक्टर आल्या. डॉक्टर अंकिता, मेघापेक्षा लहान. त्यांनी प्रेमदासांच्या पायाला बोटानं दाबून पाहिलं. बोटाचा खळगा तसाच राहिला. नळी घातली, तर पिशवीत चहासारखी गडद, चमचा-दोन चमचे लघवी आली.

"कालपासून लघवी झालीच नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाली ना," मेघा म्हणाली. "दोनदा झाली म्हणाले."

प्रेमदासांनी मान वळवली. "कवा? मले तं कोणी इचारलंच नाई."

"मी इचारलं ना बाबा. पाणी बदललं काय, म्हणून."

"ते होय?" प्रेमदासांनी माझ्याकडं बोट केलं. "ते तं तुही आई बदलते."

मेघानं माझ्याकडं पाहिलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात पुष्कळांनी मला तहानेनं पाहिलं आहे. मेघानं पाहिलं तसं कोणीच कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग तिथंच स्टूल ओढलं आणि कमलाबाईंना समजेल अशा शब्दांत सांगितलं. त्यांचं लक्ष खिडकीकडं गेलं. "ही छागल पाहा आजी. ही कशी झिरपते, तशा आपल्या पाठीच्या बाजूला, आत, दोन किडन्या असतात. रक्तातलं नको ते गाळून बाहेर टाकतात. जुलाबांनी काकांच्या अंगातलं पाणी गेलं. किडनीला रक्त कमी पडलं. त्यात दुखण्याच्या गोळ्या, त्या किडनीत येणारी वाट आणखी आवळतात. रक्तदाबाची गोळी एरवी चांगलीच, पण अंग असं कोरडं पडल्यावर तीच नडू शकते. अशा वेळी डॉक्टरला विचारून ती थांबवायची असते. आणि आता रक्तात जंतूही आहेत. एकेकटं असतं तर निभावलं असतं. सगळी एकदम आली."

"मंग आता?" कमलाबाईंनी विचारलं.

"डायलिसिस करू. किडनीला असा अचानक मार बसला, की काहींची पूर्ण उठते, काहींची अर्धी. काहींना मशीनवरच राहावं लागतं." त्या थांबल्या. चौथं त्यांनी सांगितलं नाही.

बाहेर जाताना मेघानं त्यांना दाराशी गाठलं. खिडकी जवळच होती, मला ऐकू आलं. "काल कळलं असतं तर?"

"थोडा वेळ मिळाला असता," डॉक्टर म्हणाल्या. "त्या वेळात काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही. आणि ताई, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काहीतरी सांगणारही नाही."

त्यानंतर सगळं उलटं झालं. आदल्या दिवसापर्यंत सगळी म्हणत होती, पाणी प्या. आता पाणी बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून ते आत जाणंही मोजून झालं. अंगात साठलेलं पाणी छातीत चढतं म्हणे. मी गजाला भरलेली टांगलेली आणि प्रेमदासांना चमच्यानं पाणी. "मी गाडीभर लोकायले पाजलं," ते म्हणाले, "अन् मले आता हे, मांजरीच्या पिलासारखं."

अशात एका सकाळी शेजारच्या खाटेवर गलका झाला. शोभाबाई भांडं दोन्ही हातांनी वर धरून उभ्या होत्या.

"झाली वं माय! गडवाभर झाली!"

गुलाबराव पांघरुणात तोंड लपवत होते. "अवं ठेव ना खाली. देवीचा कलश हाय काय तो?"

"तुमी गप बसा. इतके दिवस थेंब नाई अन् आता पाहा. सिस्टर, मापा! बराबर मापा, एक थेंब इकडचा तिकडं नाई झाला पाह्यजे!"

सगळा वॉर्ड हसला. मंजुषा सिस्टर हसत हसत आल्या. कोणी टाळ्या वाजवल्या. प्रेमदासही हसले. त्यांचे ओठ फुटले होते, तरी हसले. शोभाबाईंनी त्या दिवशी साऱ्या खाटांवर साखरफुटाणे वाटले. पुढं गुलाबराव स्वतःच्या पायांनी घरी गेले. निघताना ते मला हात लावून म्हणाले, "असलीच छागल होती बा आमच्याकडं." त्यांच्या किडन्या उठल्या होत्या. मला आनंद झाला. शोभाबाईंचा तो आवाज मात्र मेघाच्या मनातून गेला नसावा. ती बराच वेळ त्या रिकाम्या खाटेकडं पाहत बसली होती.

प्रेमदासांच्या किडन्या उठल्या नाहीत. डायलिसिसनंतर एक दिवस जरा बरा जाई, मग ताप चढे. जंतू छातीत गेले. एका दुपारी ते पूर्ण शुद्धीवर होते. कमलाबाई जेवायला खाली गेल्या होत्या. मेघा चमच्यानं माझं पाणी त्यांच्या ओठांना लावत होती. अचानक ते हसायला लागले. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

"काय झालं बाबा?"

"तू माह्या शब्दानं इचारलं," ते म्हणाले, "अन् मलेच समजलं नाई. माह्याच गाडीत मीच चुकीच्या स्टँडवर उतरलो."

मेघाचा हात थांबला.

"तुह्या शाळेतली ते बाई बराबर होती," ते म्हणाले. "तिनंबी बाटलीच पाह्यली होती." थोडा दम घेऊन म्हणाले, "साधं इचाराचं ना, बाई. आता इचार."

मेघानं तोंड उघडलं. मी पाहत होते. शब्द छोटा होता, तीन अक्षरांचा. शाळेतल्या पोरांना येतो, शोभाबाईंना येत होता, सिस्टरना दिवसातून शंभरदा येई. बाप वाट पाहत होता, डोळ्यांत थट्टा घेऊन. तिनं पुन्हा चमचा भरला आणि त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तो घोट घेतला आणि तिच्या मनगटावर दोन बोटं थोपटली.

ते त्यांचं शेवटचं नीट बोलणं. पुढच्या मंगळवारी प्रेमदास गेले. मेघानं गजाची गाठ सोडली, माझं पाणी दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाला घातलं आणि मला रिकामी घडी करून पिशवीत ठेवलं.

पुण्यानुमोदनाला, प्रेमदासांच्या आठवणीच्या विधीला, गाव आलं. लक्ष्मणरावांनी बोलायला सुरुवात केली आणि "आमचा ड्रायवर" एवढंच म्हणून खाली बसले. मी पुन्हा दाराआडच्या खिळ्यावर होते, कोरडी.

आता तुम्ही म्हणाल, या छागलीला आमच्याकडून काय हवं आहे? मी म्हातारी आहे, तेव्हा थोडं मागते. घरातल्या मोठ्या माणसांना जुलाब-उलट्या झाल्या, तर पाणी घोटघोट देत राहा आणि लवकर डॉक्टरांना दाखवा. दुखण्याची गोळी फुटाण्यासारखी खाऊ देऊ नका. लघवी कमी झाली का, रंग गडद झाला का, हे विचारा. आणि हे सगळं करताना, मित्रांनो, साध्या शब्दांत विचारा. घरचे लाडके शब्द फार गोड असतात. मीही त्यांच्यातच वाढले. पण दवाखान्यात जाताना ते घरी खुंटीवर ठेवून जा. आपलं शरीर रोज जे काम निमूटपणे करतं, त्याच्या नावाची लाज कसली?

पाऊस सरता सरता कमलाबाईंना ताप आला. मेघा तळेगावला आली. घरात शेजारपाजार जमला होता, लक्ष्मणरावही खुर्चीवर बसून होते. कमलाबाई अंथरुणावर. मेघानं आल्या आल्या मला खिळ्यावरून काढलं आणि बादलीत बुडवलं. दुपारी भरल्यावर मी पुन्हा गळले, मग गळायची थांबले. तिनं मला खुंटीवर टांगलं, बापासारखा ओला हात पोटावरून फिरवला. मग माजघरात जाऊन सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली.

"आई, लघवी झाली काय?"

लक्ष्मणराव छताकडं पाहू लागले.

"हळू ना वं!" कमलाबाई पांघरूण ओढत म्हणाल्या. "माणसं बसली हायेत."

"बसू दे. झाली काय?"

"झाली. सकाळी झाली. अन् आत्ता मंघानीबी झाली."

"रंग?"

"अवं माय, आता रंगबी सांगू काय?" कमलाबाई म्हणाल्या आणि मग त्यांनाच हसू आलं. "फिक्की पिवळी. पाण्यासारखी." लक्ष्मणरावांनी छतावरची नजर खाली आणली आणि गंभीरपणे म्हणाले, "चांगलं हाय मंग, वयनी." सगळेच हसले.

मेघा हसली नाही. आईला पेला भरून द्यायला ती माझ्याकडं आली. ओसरीवर कोणी नव्हतं. बूच काढलं, पेला भरला आणि तशीच उभी राहिली. माझ्या ओल्या अंगावर तिनं तळहात ठेवला. मग बोलली. हलक्या आवाजात नव्हे, आत बसलेल्यांनाही ऐकू जावं अशी.

"बाबा," ती म्हणाली, "लघवी झाली काय?"